लेकीच्या बहिणी

काल फोनवर लेक सहज बोलून गेली, "आई, त्या मोठ्या सोरोरिटीतल्या मुली चांगल्या होत्या गं, पण मी देसी सोरोरिटीतच जाणार आहे." सोरोरिटी म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजांतली मुलींची संघटना; तिच्यातल्या मुली एकमेकींना 'बहिणी' म्हणतात. देसी सोरोरिटी ही भारतीय उपखंडातल्या मूळच्या मुलींची. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. खरे तर आनंद व्हायला हवा होता. घरात कधी जात काढली नाही, तिलाही माणूस पाहून मैत्री करायला शिकवले, आणि या देशात जन्मलेल्या मुलीने 'बहिणी' निवडताना शेवटी मूळच पाहावे, याचे वाईट वाटते. यांना मात्र त्यात काहीच वावगे दिसत नाही.

त्या मोठ्या सोरोरिटीच्या अर्जात एक प्रश्न होता: आई, आजी किंवा बहीण सदस्य होती का? तिने 'नाही' लिहिले. ते 'नाही' मलाच अधिक लागले. माझ्या आईने कॉलेजची पायरीही पाहिली नव्हती.

अलाबामा विद्यापीठात एका हुशार कृष्णवर्णीय मुलीला सोरोरिट्यांनी नाकारल्याचे विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने २०१३ साली उघड केले, तेव्हा कुठे तिथली दारे किलकिली झाली. अशीच दारे बंद होती म्हणून कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली कृष्णवर्णीय मुलांनी अल्फा फाय अल्फा ही स्वतःची संघटना काढली होती. तमिळ आईच्या पोटी जन्मलेल्या कमला हॅरिस हॉवर्ड विद्यापीठात अल्फा काप्पा अल्फा या कृष्णवर्णीय मुलींच्या सोरोरिटीत गेल्या, तेव्हा त्यांच्या आईला काय वाटले असेल?

माझे आजोबा कोल्हापूरच्या मराठा बोर्डिंगात राहून शिकले. शाहू महाराजांनी ते १९०१ साली सुरू केले. जैन, लिंगायत, मुसलमान मुलांचीही बोर्डिंगे निघाली. जातवार बोर्डिंगे का, असे मी आजोबांना कधी विचारले नाही. त्यांना तिथे दोन वेळचे जेवण मिळाले, चारचौघांत बोलायची भीड चेपली आणि ते शिकले, एवढे मला पुरेसे होते. मग लेकीकडेच जाब का मागावा?

ती म्हणाली, "तिकडे प्रत्येकीला नाव दोनदा सांगावं लागायचं. इथे पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, घरी तुला काय म्हणतात?" ती विचारणारी मुलगी कराचीहून आलेल्या कुटुंबातली आहे, आणि सोरोरिटीत लेकीला सांभाळून घेणारी 'थोरली बहीण' तेलुगू. इतकी वर्षे मी मराठी मंडळाबाहेर फारशी पडले नाही, आणि हिच्या 'आपल्या' माणसांत मात्र एवढी माणसे मावतात. हे कळल्यावर मन बरेच निवळले.

उद्या तिच्या मुलीने असा अर्ज भरला, तर त्या प्रश्नापुढे 'होय' लिहिले जाईल. त्याचा मला आनंद होईल का, हे मात्र अजून ठरत नाही.