वही तिसरी : तक्क्याला नेसवलेली लुंगी

मंडळी, या महिन्यात वहीत चित्रं भरली फक्त ११. त्यातली ८ तक्क्याची. हसू नका, सांगतो.

अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यातल्या भिंतीवरच्या चित्रांमधल्या आडव्या पट्ट्यांच्या वस्त्रांवर मी अडकलो होतो. माणूस जमायचा, कापड मात्र अंगावर चिकटवलेल्या कागदासारखं दिसायचं. सावली गडद करून पाहिली, रेघा नाजूक करून पाहिल्या. काही उपयोग नाही. शेवटी घरातली पट्ट्यांची लुंगी काढली, तक्क्याला घट्ट गुंडाळली आणि खिडकीजवळ उभा केला. बायको दारातून म्हणे, "काय करी ऱ्हायले तुम्ही? तक्क्याचं लगीन लावी ऱ्हायले का?"

पण तिथंच उलगडलं. पट्टा सरळ राहतच नाही. गोलाईवरून जाताना वाकतो आणि कडेला पोचला की पट्ट्यांमधलं अंतर कमी होतं. पट्टा नीट वाकला तर सावली न देताही मांडी गोल दिसते. मी इतके दिवस आधी अंग काढून त्यावर पट्टे ओढत होतो. आता पट्टेच आधी काढतो, अंग आपोआप येतं. (निऱ्या अजून जमत नाहीत. त्यांचं रडगाणं पुढच्या वेळी.)

मग शिलाईचा किडा चावला. मांजरपाट आणून अंगरख्यासारखं काहीतरी बेतलं. कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापायचं होतं, कापलं सरळ. बाही काखेत अशी ओढली की हात वर करून कपबशीही घेता येईना. उसवलंय, पुन्हा बेतणार. वयाच्या ६२व्या वर्षी सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागते, हीही नोंद असू द्या.

त्याच ओघात १९६६चा 'आम्रपाली' सिनेमा पुन्हा पाहिला, यावेळी आवाज बंद करून. त्यातली वेशभूषा भानू अथैया यांची, अजिंठ्याच्या चित्रांवरून सुचलेली. बाई मूळच्या कोल्हापूरच्या, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, पुढं 'गांधी' सिनेमासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. मला वाटलं ते असं : भिंतीवरची वस्त्रं बहुतेक नेसलेली, गुंडाळलेली. नाचणाऱ्या नटीला ती सुटून चालत नाहीत, म्हणजे कुठंतरी टाका हवाच. तो टाका दिसू न देणं हीच खरी कारागिरी. मी थांबवून थांबवून शोधला, सापडला नाही.

आपल्या भुसावळात रॉबर्ट गिलची कबर आहे. हा गोरा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवायला आला. वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. तरी तो इकडेच राहिला आणि १८७९ मध्ये वारला. माझं एक पान चहा सांडून खराब झालं तर मी दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो.

पुढचा बेत : पहूरला एसटी बदलून लेण्यांजवळचं फर्दापूर, मऊ पेन्सिली, छोटी वही. लेण्यात उजेड कमी असतो, त्यामुळे रंग घरी, तिथं फक्त पट्ट्यांचे वळसे. मंगळवारी निघतोय. मागच्या खेपेला सोमवारी गेलो होतो, लेणी बंद. लेण्यांखालच्या वाघोरा नदीच्या काठावर बसून भरीत-भाकरी खाल्ली आणि माकडांची चित्रं काढून परत आलो.