सहासष्ट उंदीर मागितले, एकतीस मिळाले

भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालींच्या अर्काने सूज उतरते का, हे मला पाहायचं होतं. फार्माकॉलॉजीत एम.फार्म. करणाऱ्याला असा विषय मिळाला की पुढचं वाक्य ठरलेलंच: "आधी आयएईसीची मंजुरी घे." आयएईसी म्हणजे संस्थेची प्राणी नीतिमत्ता समिती. तिच्या पत्राशिवाय एकाही उंदराला हात लावता येत नाही. पुढे शोधनिबंध पाठवायची वेळ येते तेव्हा मंजुरीचा क्रमांक नसेल तर संपादक तो वाचायचेही कष्ट घेत नाहीत. फोंड्या-पणजीकडची फार्मसीची पोरं अधूनमधून विचारतात, "ताई, तुला काय काय विचारलं होतं?" प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

कायद्याचं थोडक्यात. मूळ कायदा १९६०चा, प्राणी क्रूरता प्रतिबंधक. म्हणजे गोवा मुक्त व्हायच्याही आधीचा. त्यात प्रयोगांवर देखरेख ठेवायला केंद्रीय समिती नेमायची तरतूद आहे. तिला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. जुनी माणसं अजून जुनंच नाव घेतात. १९९८च्या नियमांप्रमाणे प्राण्यांवर प्रयोग करणारी संस्था तिथे नोंदणीकृत लागते आणि संस्थेत समिती लागते. समितीत आपल्याच संस्थेतले शास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि प्राणिगृहाचे प्रमुख असतात. शिवाय केंद्राने नेमलेले बाहेरचे लोक असतात: मुख्य नॉमिनी, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ, आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक सामाजिक सदस्य. उंदीर, गिनीपिग, ससे यांचे प्रस्ताव संस्थेतच निकाली निघतात. कुत्रा किंवा माकड असेल तर प्रस्ताव वर केंद्राकडे जातो. आमचं काम उंदरांचं, त्यामुळे दिल्ली दूरच राहिली.

अर्जाला फॉर्म बी म्हणतात. आणि प्रत्येक कॉलेजात 'आधी पास झालेला' एक फॉर्म बी फिरत असतो. वनस्पतीचं नाव बदला, आपलं नाव घाला, की झालं. माझ्यापर्यंत आलेल्या प्रतीत भलत्याच कुणाच्या मधुमेहाच्या प्रयोगातलं स्ट्रेप्टोझोटोसिन एका रकान्यात तसंच राहिलं होतं, आणि तो फॉर्म मंजूर झालेला होता! ते समितीच्या नजरेतून कसं सुटलं हा वेगळा विषय. पण या नमुन्यांमुळे सगळ्यात मोठं नुकसान होतं ते आकड्यांचं. कुणीतरी कधीतरी गटात सहा उंदीर घेतले, म्हणून पुढचे सगळे सहाच घेतात.

माझा आराखडा असा होता. पहिला प्रयोग कॅराजिननचा. कॅराजिनन समुद्री शेवाळातून मिळतं, आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात. त्याचं एक टक्क्याचं द्रावण, ०.१ मिली, उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचायचं. पाय सुजतो; तीन ते पाच तासांत सूज कमाल होते. प्लेथिस्मोमीटर नावाच्या उपकरणात पाय बुडवून सूज मोजायची. पाच गट: एक नुसता (औषधाविना), एक इंडोमेथासिन या सूज उतरवणाऱ्या औषधाचा, तीन अर्काच्या तीन मात्रांचे. प्रत्येकी सहा, म्हणजे तीस. त्याआधी अर्काची विषारीपणाची चाचणी, सहा. आणि सगळ्यात शेवटी फ्रॉइंड्स अ‍ॅडजुव्हंटने उंदरांत संधिवात निर्माण करून त्यावर अर्क देऊन पाहायचा, आणखी तीस. एकूण सहासष्ट.

बैठक पावसाळ्यात लागली. मुख्य नॉमिनी बेळगावच्या बाजूने येणार होते आणि चोर्ला घाटात दरड आली. नॉमिनीशिवाय बैठक धरत नाहीत. प्रेझेंटेशन पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आम्ही सगळे बसलो होतो, चहा झाला, आणि घरी गेलो. पुढची तारीख मिळेपर्यंत श्रावण उजाडला. याबद्दल कुणाला दोष देता येत नाही, पण ज्यांचं काम गोव्यात आहे त्यांनी जून ते ऑगस्टच्या बैठकीवर फार विसंबू नये, एवढं सांगते.

बैठकीत मी भिरंडाचं पारंपरिक महत्त्व वगैरे सांगायला सुरुवात केली, तर नॉमिनी सरांनी हात वर केला. "ते वाचलं मी. एका गटात सहाच का?"

माझ्या गाइड सरांनी उत्तर दिलं, "सगळे सहाच घेतात, सर."

"सगळे म्हणजे कोण? गणित दाखवा."

गणित सोपं आहे आणि ते फॉर्म भरायच्या आधीच करावं. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची. उरलेला आकडा दहा ते वीसच्या दरम्यान हवा. दहाच्या खाली गेला तर निष्कर्षावर भरवसा ठेवता येत नाही. विसाच्या वर गेला तर जास्तीच्या प्राण्यांनी माहितीत फारशी भर पडत नाही, ते फुकट जातात. तीस वजा पाच, पंचवीस. म्हणजे जास्त. गटात पाच घेतले तर पंचवीस वजा पाच, बरोबर वीस. चार घेतले तर पंधरा, तेही बसतं. मग चारच का नाहीत, यावर खरा वाद झाला. गाइड सरांचं म्हणणं, पायाच्या सुजेत प्राण्यागणिक फरक फार पडतो, आणि चारातला एक दगावला तर गटच कोलमडतो. नॉमिनी सरांचं म्हणणं, दगावेलच हे गृहीत कशाला धरता? शेवटी पाचावर तोडगा निघाला. आधीच्या प्रयोगातून सरासरी आणि विचलन हाताशी असेल तर पॉवरचं गणित (फरक दिसायला किमान किती प्राणी लागतील ते) करणं याहून चांगलं. ते नसेल तेव्हा ही वजाबाकी चालते.

विषारीपणाच्या चाचणीवर मला वाटलं होतं की आपण सुटलो. भिरंड काय, घरोघरी सोलकढी पितात, मग सहा प्राणी कशाला? मी तसं म्हणालेही. नॉमिनी सर हसले. म्हणाले, "सोलकढीत पाणी आणि नारळाचं दूध असतं. तुम्ही सालं अल्कोहोलमध्ये उतरवून आटवलीत, आणि उंदराला किलोमागे मिलिग्रॅममध्ये देणार. ही सोलकढी राहिली का?" ते सहा राहिले. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीने, तीन माद्या आधी, त्यांना काही झालं नाही तर आणखी तीन. पूर्वी निम्मे प्राणी मरेपर्यंत मात्रा वाढवत नेऊन एलडी५० काढत. त्या जुन्या पद्धतीला, ४०१ला, ओईसीडीने २००२ साली रजा दिली. तरी काही जुन्या प्रबंधांतून तो शब्द उचलून लोक आजही फॉर्ममध्ये लिहितात. लिहू नका.

मात्र प्राण्यांपर्यंत जायच्या आधी पेशींवर काय दिसतं, हे माझ्या अर्जात नव्हतंच. आमच्याकडे पेशी वाढवायची सोय नाही, म्हणून तो रकाना दोन ओळींत आटोपला होता: 'पर्याय उपलब्ध नाही.' समितीला हे पटलं नाही, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आरएडब्ल्यू २६४.७ या उंदराच्या संरक्षक पेशी मिळतात. दुसऱ्या एका प्रयोगशाळेच्या मेहेरबानीने तिथे बसून मी त्या पेशी सुजेच्या वेळी सोडतात तो नायट्रिक ऑक्साइड मोजला. अर्कामुळे तो कमी होतो का, एवढंच पाहायचं होतं. झाला. झाला नसता तर उंदरांपर्यंत जायचं कारणच उरलं नसतं. त्या निकालावरून प्राण्यांना कुठल्या मात्रेपासून सुरुवात करावी याचं थेट उत्तर मिळत नाही, हेही खरं. पण दोन अर्क हाताशी असतील तर कुठला पुढे न्यायचा, हे ठरतं. आम्ही पाण्यातला सोडला तो तिथेच.

सगळ्यात अडचणीचा रकाना वेदनेचा. 'प्राण्याला वेदना होणार असल्यास वेदनाशामक देणार का? नसल्यास कारण द्या.' इथे पेच असा की वेदनाशामक औषधं बहुतेक सूजही उतरवतात. ती दिली तर मोजायचं काय? कारण खरं आहे, पण ते लिहून थांबलं तर समिती थांबू देत नाही. पशुवैद्य मॅडमनी विचारलं, "पाय सुजलेला उंदीर खाणार कसा?" पिंजऱ्यात खाद्याच्या गोळ्या वरच्या जाळीत असतात, उंदीर मागच्या पायांवर उभा राहून कुरतडतो. पाण्याची नळीही उंचावर. मागचा पाय सुजलेला असताना त्याला उभं राहायला लावायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उपाय साधा निघाला: त्या दिवशी गोळ्या भिजवून तळाशी ठेवायच्या, पाण्याच्या बाटलीला लांब नळी लावायची, खाली मऊ भुसा जास्त घालायचा. आणि मोजमाप चोवीस तासांऐवजी सहा तासांवर थांबवायचं, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यात मिळतं. पुढचे अठरा तास मी फक्त तक्त्यात आणखी एक ओळ यावी म्हणून मागितले होते.

सामाजिक सदस्य तोपर्यंत गप्प होते. निवृत्त गृहस्थ, डिचोलीकडचे. त्यांनी माझं वेळापत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि कोंकणीत विचारलं, "चवथीक कोण येतलो?" म्हणजे गणेशचतुर्थीला कोण येणार?

सगळे हसले, पण प्रश्न नेमका होता. प्राणी आणल्यावर सात दिवस नुसते ठेवायचे, नव्या जागेला सरावू द्यायचे, मग प्रयोग. माझे ते दिवस बरोबर चवथीवर येत होते. चवथीला कॉलेज बंद, प्राणिगृहातले काका सत्तरी तालुक्यात आपल्या घरी माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधत असणार, मी केरीला आजीकडे. शिवाय रात्री फटाके, आणि उंदरांचे कान आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण. मी प्राणी चवथीनंतर मागवायचं ठरवलं आणि शनिवार-रविवारी कोण येईल याची नावनिशी यादी अर्जाला जोडली. याच ओघात हवेचा मुद्दा आला. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खोलीचं तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी. आपल्याकडे पावसात बाहेर नव्वदीच्या घरात असते. प्राणिगृहात डीह्युमिडिफायर आहे, पण वीज गेली की जनरेटरवर तो चालतो का, हे कुणी पाहिलं नव्हतं. चालत नव्हता. दुरुस्त झाला.

सुजेच्या प्रयोगाला नर उंदीरच का, असंही विचारलं. हार्मोन्सच्या चक्रामुळे माद्यांत फरक पडतो, हे पुस्तकी उत्तर मी दिलं. त्यावर पशुवैद्य मॅडम म्हणाल्या, "संधिवात बायकांनाच जास्त होतो ना?" ते फार ताणलं गेलं नाही. प्रयोगानंतर प्राण्यांचं काय, मारणार तर कसं, शव कुठे जाणार, हे सगळं मात्र शब्दाशब्दाने तपासलं. ईथर लिहिलं असतं तर तिथेच अडकले असते. कार्बन डायऑक्साइड लिहिलं होतं, तर डबा एकदम भरणार की हळूहळू, हा पुढचा प्रश्न. हळूहळू, हे लिहून दिलं. शवं पिवळ्या पिशवीतून कुंडईच्या जैववैद्यकीय कचरा केंद्राकडे जातात.

संधिवाताचा प्रयोग मात्र त्यांनी काढूनच टाकला. तो कित्येक आठवडे चालतो आणि त्यात प्राण्याला सतत दुखत असतं. कॅराजिननमध्ये अर्क चालतो की नाही हे कळायच्या आधी तीस उंदरांना ते सोसायला लावायचं कारण काय? आधी तो निकाल आणा, मग वेगळा अर्ज करा. बैठकीतून बाहेर पडताना गाइड सर नाराज होते, "अगं, वर्ष वाया जाईल तुझं." मला तेव्हा त्यांचं पटलं होतं. आता पटत नाही. मधल्या मात्रेला सूज उतरली, मोठ्या मात्रेला मधलीपेक्षा काही जास्त उतरली नाही. म्हणजे संधिवाताच्या प्रयोगात तीन मात्रा लागणारच नाहीत.

प्रश्नांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कागदाबद्दल. दुरुस्त अर्ज मी लगेच दिला, पण इतिवृत्तावर सह्या व्हायच्या होत्या. कुणी सुट्टीवर, कुणाचा ईमेल भरलेला. बैठकीत ज्या माणसांनी एकेका उंदराचा हिशेब मागितला, त्यांनाच एक सही करायला इतका वेळ का लागावा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पत्र हातात पडेपर्यंत प्राण्यांची मागणी नोंदवता येत नाही, आणि मागणी नोंदवल्यावर प्रजनन केंद्राकडे हव्या त्या वजनाचे प्राणी तेव्हाच असतील असं नाही. दीडशे ते दोनशे ग्रॅमचे पाहिजेत म्हटलं तर वाट पाहावी लागते.

प्राणी पुण्याहून वातानुकूलित गाडीतून रात्रीच्या प्रवासाने आले. प्रजनन केंद्रातल्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, "दोन जास्तीचे टाकतो, वाटेत काही झालं तर. पैसे नको." मी नको म्हणाले. पत्रात एकतीस आहेत. बत्तिसावा आला तर तो कुठल्या नोंदीत दाखवायचा? फॉर्म डीमध्ये प्रत्येक प्राणी कुठून आला, त्याच्यावर काय झालं, हे लिहावं लागतं, आणि नॉमिनी कधीही येऊन ती वही उघडू शकतात. आमच्याकडे आले होते. त्यांनी वही पाहिली, पिंजरे मोजले, पाण्याच्या नळ्या खाली आहेत का ते वाकून पाहिलं.

संधिवाताचा अर्ज आता पुढच्या बैठकीच्या यादीत आहे. गट चार, उंदीर वीस. पशुवैद्य मॅडमनी आधीच निरोप पाठवलाय की रोजच्या वेदनेचा गुणांकन तक्ता जोडल्याशिवाय तो बैठकीपुढे घेणार नाही: वजन किती घटलं, केस विस्कटलेत का, पाय टेकतो का, आणि किती गुणांना प्राणी प्रयोगातून काढायचा. तो तक्ता करायला घेतलाय. वजन वीस टक्के घटलं तर काढायचं, एवढं ठरलं आहे. पाय टेकण्याला किती गुण द्यायचे यावर गाइड सरांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.