तुम्ही विचारलंत म्हणून: शेवाळाला कारखान्याचा धूर का पाजत नाही?

लग्नात भेटा नाहीतर एसटी स्टँडवर, प्रश्न ठरलेला. "तुमचं शेवाळ कार्बन खातं म्हणे, मग कारखान्याच्या चिमणीला पाइप जोडून कार्बन क्रेडिट (कार्बन कमी केल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) का घेत नाही?" आमचा वाळवा तालुका म्हणजे ऊस आणि कारखाने, त्यामुळं विचारणं रास्तच आहे.

खातं की, पण किती ते बघा. एक किलो वाळलेली स्पिरुलिना (हेच आमचं शेवाळ) व्हायला साधारण 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. उघड्या टाकीत चौरस मीटरला दिवसाला 10 ग्रॅम माल धरला (हे चांगल्या दिवसांचं, थंडी-पावसाळ्यात विसरा) तर एका गुंठ्यात दोन किलोसुद्धा गॅस जिरत नाही. आता चिमणी सोडा, डिस्टिलरी घ्या, तिथला गॅस धुरापेक्षा कितीतरी स्वच्छ, मळी आंबताना वजनानं जेवढं अल्कोहोल जवळपास तेवढाच तो निघतो. रोजच्या 30 हजार लिटरला 22 टनांच्या वर. तो सगळा जिरवायचा तर 300 एकर टाक्या! ऊस काढून टाक्या बांधा म्हटलं तर आमचे चुलतेच पहिले काठी घेऊन येतील. आणि पावडर शेवटी कुणाच्या तरी पोटात जाणार, म्हणजे श्वासावाटे गॅस परत हवेत. त्याला कार्बन साठवला म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

गॅसचा खरा फायदा सोडा वाचण्यात आहे. स्पिरुलिनाच्या पाण्यात खाण्याचा सोडा (म्हणजे बायकार्बोनेट) घालावा लागतो, शेवाळ त्यातला कार्बन उचलतं तसा पीएच (पाणी किती अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) चढत जातो, 10.5 च्या पुढं गेला की वाढ मंदावते. गॅस सोडला की पीएच उतरतो आणि पाण्यातच परत बायकार्बोनेट तयार होतं.

पैसा मात्र रंगात. चिमूटभर हिरवी पावडर ग्लासभर पाण्यात भिजत ठेवा, काही तासांनी वरचं पाणी निळं होतं, उन्हात धरलं तर त्यात लालसर झाक मारते. ते फायकोसायनिन. अमेरिकेनं 2013 मध्ये चॉकलेट-गोळ्या आणि च्युइंगमला स्पिरुलिनाच्या अर्काचा हा निळा रंग मान्य केला. सांगलीच्या यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघून भाव बोलतात ना, तसंच इथं, फक्त बघायला मशीन असतं: शुद्धतेचा आकडा (निळा रंग आणि एकूण प्रथिनं यांचं प्रमाण) 0.7 च्या वर तर खाण्याच्या दर्जाचा, 4 च्या वर तर लॅबवाल्यांचा, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. पण रंग भारी नाजूक, 50 अंशांच्या पुढं उतरायलाच लागतो, त्यामुळं पत्र्यावर भर उन्हात वाळवलेला माल प्रोटीन पावडर म्हणून खपेल, रंग म्हणून नाही. म्हणून कापडातून गाळायचं, दाबून पाणी काढायचं, सोऱ्यातून बारीक शेवया पाडायच्या आणि सावलीत वारं लावून वाळवायचं.

लाल रंग देणारं दुसरं शेवाळ, हिमॅटोकॉकस, का नाही, हेही विचारतात. भाव जास्त आहे, कबूल, पण त्याला साधं गोडं पाणी लागतं आणि त्यात वाटेल ते वाढतं (स्पिरुलिनाचं खारं-सोड्याचं पाणी बाकीच्यांना मानवत नाही, तेवढीच राखण). शिवाय आधी हिरवं वाढवायचं, मग नायट्रोजन तोडून कडक उजेडात उपाशी ठेवायचं, तेव्हा कुठं लाल होतं. त्याला बंद नळ्या आल्या, पाणी गार ठेवणं आलं, म्हणजे बँकेच्या पायऱ्या आल्या. सध्या आपलं निळंच बरं आहे.