बेलापूरचा किल्ला आणि खारघरची खोली

बेलापूरला किल्ला आहे हे तिथे रोज नोकरीला जाणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं. पाम बीच रोड संपतो तिथे महापालिकेची ती भव्य घुमटाची इमारत, आणि तिच्या मागे किल्ले गावठाण. १५६० ते १५७०च्या दरम्यान जंजिऱ्याच्या सिद्दींनी हा किल्ला बांधला असं सांगतात. पुढे तो पोर्तुगीजांकडे गेला, मग मराठ्यांकडे, आणि १८१७ साली इंग्रजांकडे. आज बुरुजाचे अवशेष, थोडी तटबंदी आणि झाडोरा उरलाय. सिडकोने जतनाचं काम हाती घेतलंय, ते नीट पार पडो.

माझ्याबरोबर होता माझा मित्र, हल्याळचा. म्हणजे कर्नाटकातला, उत्तर कन्नड जिल्ह्यातला सिद्दी, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इथे आणलेल्या लोकांचा वंशज. घरी कोकणी बोलतो, मराठी आपल्यासारखीच, आणि ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्याला आता खारघरला नोकरी मिळाली होती. सकाळी किल्ला, दुपारी खोली बघायची, असा बेत ठरला.

ठाण्याहून पनवेल लोकल पकडली. रविवार असल्याने बसायला जागा मिळाली. ऐरोली गेल्यावर समोरच्या काकांनी त्याला इंग्रजीत विचारलं, कोणत्या देशातून आलास? तो म्हणाला, "काका, मी हल्याळचा. दांडेलीच्या अलीकडे." काका क्षणभर गप्प झाले, मग हसले, आणि नेरूळपर्यंत दांडेलीच्या जंगलाबद्दल विचारत राहिले. चांगले होते काका. पण घणसोलीला चढलेल्या दोन पोरांनी मोबाईल वर धरून त्याचा फोटो काढला, तेव्हा त्याने नुसती मान खिडकीकडे वळवली. त्या वळवण्यात सवय होती, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

किल्ल्यात फिरताना मी त्याला मलिक अंबरबद्दल बोलतं केलं. १५४८च्या सुमारास इथियोपियात जन्म, लहानपणीच गुलाम म्हणून विक्री, हातोहाती विकला जात शेवटी दख्खनमध्ये. आणि तोच माणूस पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. मालोजीराजे आणि शहाजीराजे त्याच्या बरोबरीने लढले. १६२४ची भातवडीची लढाई तर प्रसिद्धच आहे. मित्र म्हणाला, "आमच्यातले सगळे काही सरदार नव्हते. आमचे पूर्वज गोव्यात पोर्तुगीजांचे गुलाम होते. जीव मुठीत धरून पळाले, जंगलात शिरले आणि तिथेच राहिले." २००३ साली त्यांच्या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. चारशे वर्षांत किती पिढ्या या मातीत गेल्या, त्याचा हिशेब कोण ठेवणार!

मी त्याला कातडीच्या रंगाबद्दलही विचारलं, कारण हा विषय त्याच्या कामाचा आहे. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या रंगद्रव्य किती आणि कसं बनवतात एवढाच फरक. जिथे ऊन कडक, तिथे जास्त रंग अंगाला राखतो. हे त्याने एका वाक्यात संपवलं आणि मग रक्त काढण्याबद्दल बोलू लागला. दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला लावायची आणि कोपराच्या खोबणीत बोटाने चाचपायचं. "नवीन पोरं नस डोळ्यांनी शोधतात आणि चुकतात. नस बोटाला लागते. दाबली की खालून उसळते. गोरा असो, काळा असो, बोटाला तेवढंच कळतं."

मग बेलापूरहून मेट्रोने खारघर. मेट्रो स्वच्छ आणि गार, २०२३च्या नोव्हेंबरात सुरू झालेली. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही, कारण पुढे जे झालं ते मनातून जात नाही.

एजंटशी फोनवर सगळं ठरलं होतं. भाडं, डिपॉझिट, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, सगळं मराठीत. गेटवर मित्राला पाहिलं आणि एजंटचा आवाज बदलला. "फॉरेनर्सना सोसायटी देत नाही हो. परदेशी भाडेकरूचा सी फॉर्म भरा, पोलिसांना कळवा, कोण करणार?" मित्राने खिशातून आधार कार्ड काढलं. नाव, गाव, तालुका हल्याळ. एजंटने ते उलटसुलट करून पाहिलं, घरमालकाला फोन लावला, बाजूला जाऊन बोलला आणि परत येऊन म्हणाला, "मालक म्हणतात, बाकीचे मेंबर ओरडतील. पेपरात ड्रग्जच्या केसेस वाचता ना तुम्ही."

केसेस होतात, खऱ्या आहेत. पण एखादा पाटील पकडला गेला म्हणून कुणी सगळ्या पाटलांना घर नाकारत नाही. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईला जागा नाकारली, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला होता, आणि ते योग्यच होतं. तोच राग इथे का येऊ नये? अमेरिकेत पोलिसाच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडसाठी २०२०मध्ये हळहळलो, तर आपल्या जिन्याशी उभ्या असलेल्या माणसासाठीही काही वाटायला हवं. मी एजंटला हे सगळं बोललो. तो वाईट माणूस नव्हता, खाली मान घालून ऐकत राहिला. खोली मात्र मिळाली नाही.

बाहेर टपरीवर चहा घेताना शेजारी एक नायजेरियन विद्यार्थी उभा होता, पाठीला सॅक, हातात कटिंग. मित्राची आणि त्याची नजरानजर झाली, दोघे थोडं बोलले. तोही खोली शोधत होता. तो गेल्यावर मित्र म्हणाला, "माझ्याकडे दाखवायला आधार तरी आहे. त्याने काय दाखवायचं?"

खारघर, बेलापूर किंवा कोपरखैरणे भागात कुणाच्या ओळखीत वन आरके असेल तर जरूर कळवा. एकटा माणूस आहे, लॅबची पक्की नोकरी आहे, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून हवी आहे.