नंदीचं वावर: तान्ह्या पोळ्याआधीची रोजनिशी

पोळ्याला नऊ दिवस

नागपूरच्या इतवारी-महालात लाकडी नंदी मांडले गेलेत. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मोहल्ल्यातली पोरं नंदी ओढत घरोघर फिरतात, बोजारा (खाऊ-पैसे) मिळवतात, आणि दुसऱ्या दिवशी तो नंदी कपाटावर चढतो तो वर्षभरासाठी. दीड-दोन वर्षांच्या लेकराला बक्षिसाशी किंवा झडत्यांशी (पोळ्याच्या गाण्यांशी) काही घेणं नसतं. त्याला नंदी हातात हवा, मातीत रुतवायला, पालथा घालायला, शिंग धरून ओढायला. यंदाच्या सेन्सरी बिनला म्हणून नंदीचं वावरच, म्हणजे शेतच, घ्यायचं.

सेन्सरी बिन म्हणजे उथळ टब. त्यात हाताला निरनिराळं लागणारं सामान असतं, आणि लेकरू उकरतं, भरतं, ओततं. विषय हे निमित्त. सजावट आधी आणि हाताचं काम मागून असं केलं की टब फोटोत छान दिसतो आणि लेकरू पाच मिनिटांत उठून जातं.

आज फक्त मापं. बहुतेकांचं पहिलं चुकतं ते इथेच: मोठा टब आणायचा आणि त्यात किलोभर तांदूळ ओतायचे. ६० बाय ४० सेंटीमीटरच्या टबात किलोभर तांदळाचा थर जेमतेम अर्धा सेंटीमीटर होतो. त्यात हात बुडत नाही, काही पुरता येत नाही, चमचा तळाला घासत राहतो. हात बुडायला किमान ४ ते ५ सेंटीमीटर थर लागतो, म्हणजे त्या टबाला ८ ते १० किलो. म्हणून टब ४० बाय ३० चा घ्यावा, काठ १५ सेंटीमीटर. अर्ध्यात वावर, अर्ध्यात गोठा. वावराच्या अर्ध्यासाठी ५ सेंटीमीटर थराला साधारण ५ किलो रेती पुरते.

नंदी बिनरंगाचा घ्यायचा. रंगीत नंदी जास्त देखणे असतात हे खरं, पण तो तोंडात जाणारच, आणि रंगात काय कालवलंय ते दुकानदारही सांगू शकत नाही. उंची १० सेंटीमीटरच्या वर. शिंगांची टोकं १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करायची, मग अख्ख्या अंगावरून २२० नंबर फिरवायचा. डोळ्यांना मणी चिकटवलेले असतील तर ते काढून टाकायचे. चाकांचे खिळे जोर लावून ओढून बघायचे. चाक आणि पाटी यांच्यात २-३ मिलिमीटरही फट नसेल तर रेतीचे दाणे अडकून चाक पहिल्याच दिवशी आवळतं. अशा वेळी चाकं सरळ काढून ठेवावीत, लेकराचं काही अडत नाही.

पोळ्याला सहा दिवस

विदर्भातलं वावर म्हणजे काळी माती, म्हणून पहिला मोह तिचाच होतो. आवरावा. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की दगड होते. नखांत बसते, मोरीत बसते. शिवाय वावरातली असेल तर फवारणीचं औषध, अंगणातली असेल तर कुत्र्या-मांजरांची घाण. रंग पिवळट असला तरी कन्हान नदीची रेती बरी. रंगाचं दुःख मोठ्यांनाच होतं.

बांधकामाची रेती जशीच्या तशी नाही वापरायची. आधी रव्याच्या चाळणीने चाळायची, वर राहिलेले खडे-शिंपले फेकायचे. मग बादलीत घेऊन हाताने ढवळत धुवायची. गढूळ पाणी ओतून द्यायचं, ते नितळ येईपर्यंत. सहसा तीन-चार पाणी लागतात. हे टाळलं तर रेती वाळल्यावर त्या गाळाचीच धूळ उडते, डोळ्यांत आणि छातीत जाते. गढूळ पाणी मोरीत नाही, झाडांना.

एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या उन्हात अर्ध्या दिवसात रेती खडखडीत होते. पोळ्याच्या दिवसांत ऊन कुठलं! तेव्हा लोखंडी कढईत, एका वेळी किलो-दीड किलो, वाफ येणं थांबेपर्यंत परतायची. किडे-अंडीही त्यात जातात. मात्र वरून गार लागलेली रेती आत तास-दीड तास पोळत असते. परातीत पसरून ठेवायची आणि मधोमध आपला हात खोल घालून बघितल्याशिवाय टबात घालायची नाही.

खेळायला देताना पुन्हा ओलसर करायची: ८ वाट्या रेतीला १ वाटी पाणी, थोडं थोडं शिंपडत. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी सुटू नये. पाणी कमी पडलं तर तास (नांगराच्या रेघा) धरत नाहीत आणि डोळ्यांत उडते, जास्त झालं तर तळाशी चिखल होतो. दुसऱ्या दिवशी वरचा थर वाळलेला असतोच. अर्धी वाटी पाणी आणि तळापासून कालवणं, बस.

जे लेकरू दिसेल ते तोंडात घालतं त्याच्यासाठी रेती नाहीच. १ किलो जाडा रवा मंद आचेवर भाजून, गार करून तो पसरायचा. अर्ध्या टबात अडीच सेंटीमीटर थर होतो. गव्हाची ॲलर्जी असेल तर हाही नको. लाळेने गाठी होतात आणि आंबूस वास येतो, म्हणून दोन-तीन दिवसांत काढायचाच. अन्नाशी खेळ नको असं ज्या घरात वाटतं त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे; तिथे लेकरू तोंडात घालणं सोडेपर्यंत थांबावं.

पोळ्याला तीन दिवस

गोठ्याची बाजू. ज्वारीचा कडबा मनात येतो, पण त्याच्या पात्यांची धार कोवळं बोट कापते. कुटार तर मुळीच नको, बारीक भुसा नाकात जातो. सध्या चौकाचौकांत भुट्टे भाजले जाताहेत आणि मक्याच्या हिरव्या पानांचे ढीग पडलेत. ती वेचून धुवायची आणि पंख्याखाली दोन दिवस पसरायची. कागदासारखी होतात, चुरगाळली की सळसळतात, कडा मऊ राहतात. १५-२० भुट्ट्यांची पानं अर्ध्या टबाला भरपूर. नीट वाळली नाहीत तर दोन दिवसांत काळी बुरशी धरतात, म्हणून देठाकडचा जाड भाग कापूनच टाकावा. ओल तिथेच दबा धरून असते.

पळसाची पानं हवीतच. वरून चामड्यासारखी, खालून लव असलेली. एकाच पानात हाताला दोन गोष्टी. पाच-सहा पुरेत.

झूल म्हणजे जुन्या सुती साडीचा १२ बाय ८ सेंटीमीटरचा तुकडा, कडा दुमडून शिवलेला. बेगड नाही, टिकल्या नाहीत, सुटे घुंगरू नाहीत. बेगडाचा कपटा टाळूला चिकटतो आणि लेकराला तो काढता येत नाही. घुंगराचा आवाज हवा असेल तर ते छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण गोंदाने पक्कं करावं.

पेरायला काय द्यायचं यावर थांबून विचार व्हावा. तूर, हरभरा, मूग सहज सुचतात. तीन वर्षांखालच्या लेकराला नको. दाणा नाकात-कानात जातो, ओलीने फुगतो आणि मग घरी निघत नाही. राजमा कच्चा विषारी. गुंजा आणि एरंडीच्या बिया दिसायला फार सुंदर, म्हणूनच जास्त भीती, दोन्ही जीवघेण्या. घरी शेतीचं बियाणं पडलेलं असेल तर गुलाबी-निळ्या रंगाची सरकी किंवा मका म्हणजे औषध लावलेलं बी, त्याला लेकराच्या आसपासही जागा नाही. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी तर घरातच नकोत. गिळले तर पोटात फुगून आतडं अडवतात.

माप सोपं आहे: साधारण ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू मावते ती या वयात टबात जात नाही. म्हणून पेरायला छोटे बटाटे, ५ सेंटीमीटरच्या वरचे, सहा. ओल्या रेतीत पुरून ठेवले की गार होतात, उकरून काढताना हाताला वजन कळतं. हिरवट किंवा मोड आलेला बटाटा वगळायचा, रोज खेळ संपला की पुसून बाहेर काढायचे.

खांदशेकणी

बैलांच्या खांद्यांना आज हळद-तूप लागतं. तसंच लाकडी नंदीलाही. अर्धा चमचा तूप, चिमूटभर हळद, आणि बोळ्याऐवजी पळसाचं पान दुमडून. लेकराने चोळायचं. तूप लाकडात मुरतं, ओल्या रेतीतला नंदी त्यामुळे कमी फुगतो. हळद चिमटीपेक्षा जास्त झाली तर अंगावरचं झबलं कायमचं पिवळं. या एका कामात वास आहे, बुळबुळीतपणा आहे, पानाचा खरखरीत-मऊ स्पर्श आहे. सगळ्या टबात हेच मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

तान्हा पोळा

आज महाल-इतवारीत मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीची गर्दी, त्यामुळे सामान कालपर्यंत घरात असलेलं बरं.

टब जमिनीवर, खाली जुनी चादर दोन्ही बाजूंना हातभर बाहेर येईल अशी. लेकरू उभं राहून खेळणार असेल तर काठ त्याच्या पोटापर्यंत यावा. काठ उंच झाला की हात कोपरातून वळत नाही, चमचा रिकामाच बाहेर येतो आणि मग ते टब ओढतं. हत्यारं तीनच: लाकडी चमचा, छोटी वाटी, रुंद दातांची नवी लाकडी फणी. फणी रेतीवरून ओढली की तास पडतात. एकदा सावकाश करून दाखवायचं आणि हात मागे घ्यायचा. त्यापुढे बोलायची गरज नसते.

नंदी एकच ठेवायचा. तीन-चार नंदी, बंडी (बैलगाडी), बाहुल्या असं सगळं एकदम दिलं की लेकरू एकेक उचलून बाहेर फेकतं. ते खोडी करत नसतं, हात घालायला जागा करत असतं. नवी वस्तू एका दिवशी एक.

पहिल्या दिवशी रेती वाटीने भरून चादरीवर ओतली जाणार, पुन्हा पुन्हा. रागवायचं नाही, ओतणं हेच काम आहे. चादरीवर रिकामा गंज (पातेलं) ठेवला की ओतायला जागा मिळते. १५-२० मिनिटं झाली, रेती उडायला लागली की टब उचलायचा. मोठं माणूस हाताच्या अंतरावर पूर्ण वेळ, फोन दुसऱ्या खोलीत.

रात्री पानं वेगळी, रेती वेगळी. रेती झाकण न लावता पंख्याखाली, नाहीतर सकाळी कुबट वास येतो. खेळात पाणी असेल तर ते आजच्या आज ओतून टाकायचं, डासांचे दिवस आहेत. आठवड्याने मक्याची पानं गाईला, रेती पुन्हा धुऊन, परतून डब्यात. दिवाळीला तीच रेती किल्ल्याखाली पसरता येईल, आणि नंदी तिथेही चरेल.