नवी लेन्स घ्यायच्या आधी

फोटोग्राफीचं वेड असलेल्या माणसाला हे होतंच. आपला कॅमेरा मस्त चालू असतो, फोटो मनासारखे येत असतात, आणि मग नवीन मॉडेल येतं, झोपायच्या आधी त्याचे रिव्ह्यू बघणं सुरू होतं आणि थोड्याच दिवसांत हातातला कॅमेरा अगदीच जुनाट वाटायला लागतो. मला अजूनही होतं असं. अशा वेळी मी सरळ आकडे काढून बसतो.

उदाहरणार्थ ५० एमएमची एफ १.८ लेन्स आहे आणि एफ १.४ हवीशी वाटतेय (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून जास्त प्रकाश आत येतो). दोघींत प्रकाशाचा फरक साधारण दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे जिथे १.८ ला आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपायची सेटिंग, १६०० लागतो तिथे १.४ ला १००० च्या आसपास पुरतो. बॅकग्राउंड थोडं जास्त ब्लर होतं हे खरं, पण किंमत बहुतेक वेळा कितीतरी पट असते. मेगापिक्सेलचंही तेच. २४ वरून ४५ वर गेलं की दुप्पट झाल्यासारखं वाटतं, पण फोटोची लांब बाजू ६००० पिक्सेलवरून ८२०० च्या जवळपास जाते, बस. आणि आपण फोटो बघतो कशावर, तर फोनवर नाहीतर फार फार तर ४के स्क्रीनवर, जिच्यात जेमतेम ८३ लाख पिक्सेल असतात.

शिवाय खर्च बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, थांबत नाही ना. फाइल्स मोठ्या झाल्या की फास्ट कार्ड हवं, मग हार्ड डिस्क, मग एडिटिंग करताना कॉम्प्युटर रडायला लागतो. हे सगळं धरून जो आकडा येतो तीच खरी किंमत.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हप्ता ठरलेल्या तारखेला कापला जातोच, त्यात क्रेडिट कार्डवर नुसतं मिनिमम भरत राहिलं तर उरलेल्या रकमेवर व्याज चढतच जातं आणि तोवर बॉडीची रीसेल किंमत पडलेली असते (लेन्सची त्यामानाने कमी पडते, म्हणून पैसे घालायचेच तर लेन्समध्ये घालावेत असं माझं ठाम मत आहे). घरखर्च आणि अडीअडचणीचे पैसे बाजूला काढून जे उरतं त्यातूनच हौसेसाठी वेगळे साठवायचे, आणि तेवढ्यात बसत नसेल तर थांबायचं. थांबण्यात कमीपणा अजिबात नाही. ऑन्री कार्तिये-ब्रेसाँ या प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफरने आयुष्यातलं बहुतेक काम एका छोट्या लायका कॅमेऱ्यावर आणि ५० एमएम लेन्सवर केलंय.

एक काम मात्र नक्की करा. आपल्या जुन्या फोटोंचा एक्झिफ डेटा (फोटोच्या फाइलमध्येच सेव्ह झालेली कॅमेऱ्याची माहिती) बघा, कुठली फोकल लेन्थ, म्हणजे लेन्सचा तो एमएमचा आकडा, सगळ्यात जास्त वापरलीय ते लगेच कळतं, आणि जी लांबचं जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स घ्यायला निघालो होतो त्या रेंजमध्ये आपण फारसं काही काढतच नाही हेही कधीकधी कळतं. तरी हवीच वाटली तर आधी भाड्याने आणून वापरून बघा. सेकंडहँड घेत असाल तर टॉर्च मारून आत फंगस (बुरशी) आहे का बघा, बॉडी असेल तर शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा.

आणि मॅक्रोचं, म्हणजे छोट्या गोष्टी अगदी जवळून मोठ्या करून टिपायचं, वेड लागलं असेल तर एकदम मॅक्रो लेन्सकडे जाऊच नका. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, तिच्यात काच नसते त्यामुळे ती बरीच स्वस्त पडते, असलेल्या लेन्सला लावून किडे, फुलं काढत राहा काही महिने, तरीही रोज सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडावंसं वाटत असेल तर मग खुशाल लेन्ससाठी पैसे साठवायला लागा.