आमची वाटचाल : पांढऱ्या रेघेचा धंदा

भोसरी एमआयडीसीत आमची भट्टी लागली तेव्हा आजूबाजूला नायट्रायडिंगवाले, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणारे, होतेच. कुणाकडे अमोनियाची भट्टी, कुणाकडे सॉल्ट बाथ, म्हणजे वितळलेल्या मिठाची टाकी. आम्ही प्लाझ्मा घेतोय म्हटल्यावर घरूनच पहिला प्रश्न आला, "एवढ्या पैशात सॉल्ट बाथच्या किती टाक्या बसल्या असत्या?" हिशेब चुकीचा नव्हता. पण सायनाइडचं मीठ, ते धुतलेलं पाणी आणि त्याची विल्हेवाट हे झेंगट गळ्यात घ्यायची माझी तयारी नव्हती. शिवाय नोकरीत असताना लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली प्लाझ्माचे थर पाहिलेले होते. डोक्यातून ते जात नव्हते.

काम सांगायला सोपं. पाण्याने गार ठेवलेल्या बंद चेंबरमध्ये जॉब, म्हणजे कडक करायचे भाग, लावायचे, हवा ओढून काढायची, काही मिलिबार दाबावर नायट्रोजन-हायड्रोजनचं मिश्रण सोडायचं आणि जॉबला कॅथोड (ऋण टोक) करून काहीशे व्होल्ट द्यायचे. काचेतून बघितलं तर गिअरच्या दातादातावर जांभळट उजेडाची साय धरलेली दिसते. तापमान साधारण 480 ते 570 अंश. आयन पृष्ठभागावर आदळतात, वरचा ऑक्साइड उडवतात आणि नायट्रोजन आत मुरायला लागतो. जॉबवर कुठे तेल किंवा गंज राहिला असेल तर ठिणग्या उडतात. पावसाळ्यात तर चेंबरच्या भिंतींना धरलेली ओल निघेपर्यंत व्हॅक्युमला बसूनच राहावं लागतं.

सुरुवातीला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "हार्डनेस किती देता?" आकडा सांगायला काय जातं! ईएन 41बी या पोलादात सुमारे एक टक्का ॲल्युमिनियम असतं, ते 1000 विकर्सच्या (हार्डनेसचं माप) आसपास सहज जातं. ईएन 19 हे दुसरं पोलाद साधारण 600 वर थांबतं. पण भट्टी तीच, गॅस तोच, मग फरक का? आकड्यात ते कळत नाही, त्यासाठी जॉबसोबत भट्टीत ठेवलेला नमुना, म्हणजे टेस्ट पीस, कापायला लागतो.

कापून, बेकलाइटमध्ये बसवून, पॉलिश करून त्यावर नायटल (अल्कोहोलमध्ये मिसळलेलं नायट्रिक ॲसिड) फिरवलं की सगळ्यात वर एक पांढरी रेघ दिसते. ही व्हाइट लेयर. नायटल तिला खात नाही, म्हणून ती पांढरी. ती लोखंडाच्या नायट्राइडची असते : कमी नायट्रोजनवाला गॅमा प्राइम, जास्त नायट्रोजनवाला एप्सिलॉन, किंवा दोन्ही. तिच्याखाली काळपट पट्टा, तो डिफ्युजन झोन, म्हणजे नायट्रोजन मुरलेला भाग. आमच्या मते खरा माल इथे आहे. पोलादाची कडक रचना, मार्टेन्साइट, आधीच टेंपर केलेली (पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवलेली) असते, पण नायट्रोजन त्यात शिरून क्रोमियम, ॲल्युमिनियम, व्हॅनेडियम यांना गाठतो आणि नायट्राइडचे नॅनोमीटर मापाचे कण तयार होतात. त्यांनी अणूंची जाळी ताणली जाते, डिसलोकेशन (जाळीतले सरकणारे दोष) सरकेनाशी होतात आणि पृष्ठभागात दाबाचा ताण बसतो. म्हणून फटीग आयुष्य, म्हणजे वारंवार भार येऊनही टिकण्याची क्षमता, वाढतं. ईएन 8 सारख्या साध्या पोलादात नायट्रोजनला धरून ठेवायला हे धातू नसतातच, मग हार्डनेस कुठून येणार? जर्मनीत क्रुपमधल्या अॅडॉल्फ फ्राय यांनी 1920 च्या दशकात ॲल्युमिनियम-क्रोमियमची नायट्रायडिंग पोलादं काढली ती याचसाठी. ईएन 41बी त्यांच्याच वंशातलं.

धंद्याला वळण मिळालं ते एका गिअरमुळे. दुसरीकडून नायट्रायडिंग करून आणलेल्या त्या गिअरच्या दातांच्या टोकाला टवके उडत होते. हार्डनेस रिपोर्टवर बोट ठेवायला जागा नव्हती. आम्ही दात कापून बघितला. व्हाइट लेयर चांगली जाड, दोन्ही नायट्राइडची खिचडी, आणि टोकाशी नायट्रोजन दोन्ही बाजूंनी शिरल्याने ग्रेन बाउंडरीवर, म्हणजे धातूच्या कणांच्या सीमांवर, नायट्राइडचं जाळं. असा थर कडक असतो, पण ठिसूळ. आम्ही मिश्रणात नायट्रोजनचा वाटा कमी, हायड्रोजनचा जास्त ठेवला, दातांच्या धारदार कडा घासून बोथट करून मागितल्या आणि रेघ बारीक करून दिली. तेव्हापासून रिपोर्टला थराचा फोटो जोडतो. मायक्रोस्कोप घेतला तेव्हा भावाने कपाळाला हात लावला होता. आता गिऱ्हाइकाला फोटो तोच समजावतो.

डायवाल्यांचं वेगळं. ॲल्युमिनियम डायकास्टिंगच्या (वितळलेला धातू साच्यात दाबून ओतण्याच्या) एच 13 पोलादाच्या डायला, म्हणजे साच्याला, आम्ही रेघ जवळजवळ नाहीशी ठेवतो; तापून-गार होऊन तडे जायला ती निमित्त होते. उलट घासून चालणाऱ्या भागाला एप्सिलॉनचा थर चांगला, तिथे थोडा मिथेन सोडतो. डी 2 या टूल स्टीलचा पंच 200 अंशांवर टेंपर केलेला असेल तर मात्र गोडीत परत पाठवतो. आमच्या तापमानाला त्याच्या गाभ्याचा कडकपणाच उतरेल. वर थर देऊन उपयोग काय? इन्क्वायरी आली की ड्रॉइंगआधी टेंपरिंगचं तापमान विचारतो ते यामुळे. काही जणांना ती नसती चौकशी वाटते. वाटू दे.

सध्या स्टेनलेसचं काम येतंय. 304 हे स्टेनलेस नेहमीच्या तापमानाला घातलं तर क्रोमियम नायट्राइडमध्ये अडकतं आणि ते गंजायला मोकळं होतं. म्हणून 400 अंशांच्या आसपासच राहायचं. तिथे क्रोमियमला हलता येत नाही, नायट्रोजन मात्र ऑस्टेनाइटमध्ये, म्हणजे 304 च्या मूळ स्फटिकरचनेत, मावतो, जाळी फुगते, कडकपणा येतो आणि गंजरोधही टिकतो. थर काही मायक्रॉनचाच आणि भट्टी मात्र बराच वेळ अडकलेली. त्यामुळे रेट ऐकून पंपवाले आधी गप्प होतात, मग विचारतात, "जरा लवकर नाही का होणार?"